व्हिडिओ गेम विकायचा नाय

अहो,

सकाळच्या गाडीने रोह्याला माझ्या बहिणीकडे, नम्रताकडे जातेय. आपली रणगाड्यांच्या खेळाची कॅसेट तिला देऊन तिची मोटारींची आणते. अदलाबदलीला खर्च नाय. कालवण करून ठेवलंय, गरम करून घ्या.

ठरल्याप्रमाणे दुपारी गडब गावचा दुकानदार आपला व्हिडिओ गेम न्यायला येईल. विकायचा नाय, असं त्याला सांगा. डोलवीला दुसरा ठेका निघेल, तुम्हाला काम मिळेलच. पण आधीचा ठेका संपल्यापासून तुम्ही घरात बोलतच नव्हता. परवा खेळताना माझाच रणगाडा उडवलात आणि पोट धरून हसलात. तेव्हा शेजारच्या बायजाबाईंनी दारातून विचारलं, "काय गो, पाव्हणे आलेत काय?"

मी म्हटलं, "नाय, आमचे हेच हायत."

अनिता