काशाची वाटी आणि माझे तळवे

१५ जानेवारी
किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रात्री तळव्यांना मुंग्या, आग वगैरे? नाही म्हणालो. खोटं नाही. विचारलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तरी त्या म्हणाल्याच, किडनीच्या आजारात नसाही बिघडतात. मार्चमध्ये पाय तपासू.
संकल्प: तोपर्यंत पाय घरीच ठणठणीत.

१६ जानेवारी
आगीला रोज दहापैकी गुण देणार. आज आठ. प्रामाणिकपणे, साडेआठ.
आईची काशाची वाटी काढली. तळव्यांना तूप लावून घासलं. तूप काळंकुट्ट! म्हणजे विष उतरतंय.

२० जानेवारी
शंका आली. धडधाकट पायावरही तूप काळं होत असेल तर? बायकोच्या, दिपालीच्या, पायावर घासून पाहिलं. तेवढंच काळं.
निष्कर्ष: दिपालीनेही किडनी तपासून घ्यावी.
ती म्हणाली, लग्नाला वीस वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्या पायाला हात लावलास, तोही टेस्टिंगसाठी! आणि चादरीचे डाग कोण काढणार, तुझी वाटी?

८ फेब्रुवारी
गुण पाच. दिपाली म्हणते, डॉक्टरांना फोन कर ना. बरं होत असलेल्या माणसाने फोन का करावा?

१ मार्च
शून्य! आग नाही, मुंग्या नाहीत. पाय कापसासारखे.
सोमवारची तपासणी रद्द करावी का? मला टाळायची नाही, पण एखाद्या गरजू पेशंटला ती वेळ मिळेल. उद्या ठरवतो.

२ मार्च, रविवार
आनंदाने चारकोप मार्केटात बोंबील आणायला एकटा गेलो. येताना लोक वळून बघत होते. चालण्यात ऐट आली असणार.
दारातच दिपालीने विचारलं, डावी चप्पल कुठंय? खाली पाहिलं. नव्हती. टाचेत काच, जिन्यावर लाल ठसे.
दुखतंय का रे, तिने विचारलं. अजिबात नाही, मी अभिमानाने म्हणालो. तिने मला तिथेच पायरीवर बसवलं आणि टाच हातात घेतली.
मागोमाग शेजारचा हर्षद चप्पल घेऊन आला. म्हणाला, यार, कोळणीच्या पाटीपाशीच सुटली होती. ती हाका मारून दमली, तू आपला राजासारखा चाललायस!

३ मार्च
टाचेला दोन टाके. तपासणी रद्द करायची राहूनच गेली होती.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे मिटा. तळव्यांना ठिकठिकाणी बारीक तार टेकवते, जाणवली की हो म्हणा. दिपालीने माझा खांदा घट्ट धरला होता. तिचा हात नीट जाणवत होता. मन एकाग्र करून बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी विचारलं, सुरू करताय ना?
म्हणाल्या, झालं.