सासूबाईंना वास सोसत नाही

५ फेब्रुवारी, बुधवार
चार वर्षांनी कोळंबी खाल्ली. तीही खराडीत, अमेरिकन नावानं! ऑफिसातल्या निकितानं वाढदिवसाला सगळ्यांना नेलं. केजन-क्रिओल हॉटेल म्हणे, अमेरिकेच्या दक्षिणेकडचं जेवण. गंबो म्हणजे कोळंबी, खेकडा आणि भेंडीचा काळपट रस्सा, वर मूठभर भात. भेंडी बुळबुळीत, आणि वेटरला त्याचंच कौतुक — "त्यानेच तर दाटपणा येतो, मॅम." आमच्या मालवणात असं कुणी वाढलं असतं तर ताट परत गेलं असतं. मी वाटी पुसून खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. तिखट लागलं, असं सांगितलं.

घरी आले तर दोडका.

६ फेब्रुवारी
पृथ्वीराजला पुन्हा विचारलं, रविवारी थोडी कोळंबी करू? तेच उत्तर. "आईला वास सोसत नाही गं. बाबा गेल्यापासून तिनं सोडलंय. आणि वरच्या मजल्यावरचे काय म्हणतील?"

सासूबाई मांजरी गावाहून आमच्याकडे कोथरूडला राहायला आल्या, तेव्हापासून हेच ऐकते आहे. माझ्या आईनं पाठवलेले सुके बोंबील मी वॉचमनला देऊन टाकले. सासूबाईंना एका शब्दानं बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं. आणि माझं? मला मन नाही?

११ फेब्रुवारी
दोडका.

१५ फेब्रुवारी, शनिवार


पृथ्वीराजला बढती मिळाली म्हणून आम्ही तिघं जेवायला गेलो — त्याच हॉटेलात, माझ्याच हट्टानं! वेटर त्याला विचारतो, "सर, नेहमीचंच?" नेहमीचंच! त्याचंही ऑफिस जवळ, म्हणून साहेब तिथं खेकडे फोडतात आणि घरी येऊन मला वास समजावतात.

पण तो परवडला. सासूबाईंपुढे मक्याचं कणीस नि उकडलेले बटाटे आले, माझ्यापुढे खेकडे. त्यांनी हळूच हात लांबवला, माझ्या ताटातली नांगी उचलली, दाढेखाली फोडली आणि चोखून चोखून खाल्ली. वर म्हणतात, "मसाला मिळमिळीत हाय, पर खेकडा चांगला हाय." पृथ्वीराज मान खाली घालून भात चिवडत होता.

चार वर्षं माझ्या तोंडचा घास काढून घेतला या बाईनं! उद्या बोलणार. सगळं बोलणार.

१६ फेब्रुवारी, रविवार
बोलले. ओट्यापाशी उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, मी कवा सोडलं? तुलाच वास सोसत न्हाई, असं पिरथ्यानं सांगितलं मला. म्हनून तर गप दोडका खाती मी."

दोघी बाजारात जाऊन आलो. कोळंबी शिजते आहे. खिडक्या सगळ्या उघड्या ठेवल्यात.

पृथ्वीराजला दोडका.