फळी, दोर आणि टॉर्क रेंच

१ जून, रविवार
मुलीला नोकरी लागली! पुढच्या सोमवारी रुजू व्हायचंय. नोकरी परगावी, कारखाना त्या गावाच्याही बाहेर, बस तिकडे फिरकत नाही. माझी छोटी मोटरसायकल तिला देणार, असं जाहीर केलं. शनिवारी मेहुणा त्याच्या व्हॅनमधून तिचं सामान नेणारच आहे, गाडीही त्यातूनच जाईल. नक्की ना बाबा, असं तिनं फोनवर दोनदा विचारलं. नक्की म्हणजे काय! बापाची किंमत कळायला अशी वेळ यावी लागते.

२ जून
मेहुण्याचा फोन. म्हणे गाडी चढवायला एक फळी आणि बांधायला एक दोर पुरे, दहा मिनिटांचं काम. याला सगळंच दहा मिनिटांचं वाटतं. मी व्हिडिओ पाहिले. त्यातला टकलू पुढचं चाक काढून गाडी नेतो. म्हणजे त्याच्या हातातला तो लांब पाना, टॉर्क रेंच, हवाच. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला मी नाही.

३ जून
हार्डवेअरचं दुकान. किती नंबरचा पाना हवा, असं दुकानदारानं विचारलं. सगळेच द्या म्हटलं. पेटी उचलताना कंबरेत चमक भरली. यात फळी आहे का, असं बायकोनं विचारलं. भावाचीच बहीण!

४ जून
कंबर. सक्तीची विश्रांती. पडल्या पडल्या पान्यांना लेबलं लावली. टॉर्क रेंच नेमकं काय करतो, ते उद्या वाचायचं.

५ जून, सकाळ
ऊन लागायला नको म्हणून गाडी घरातल्या पॅसेजमध्ये घेतली. चाकाचा नट एकाही पान्यात बसेना. एवढ्या पेटीत नेमका तोच नंबर नाही. शेजाऱ्यांची हातोडी आणली.

दुपार
चाक निघालं!! ॲक्सलचे आटे जरा चेपले. मुळातच नाजूक असणार. गाडी जेवणाच्या खुर्चीवर टेकवलीय. बायको तिला ओलांडून बाथरूमला जाते आणि दर वेळी दार आपटते. लक्षण बरं नाही.

६ जून
एक शंका. चाक नसलेली गाडी व्हॅनपर्यंत न्यायची कशी? व्हिडिओ पुन्हा पाहिला. टकलूनं गाडी आधी व्हॅनमध्ये चढवली होती, चाक मग काढलं. हे त्यानं ओरडून सांगायला नको? चाक परत बसवू म्हटलं, तर चेपलेल्या आट्यांवर नट चढेना. टॉर्क रेंचही लावून पाहिला. मुलीचा मेसेज, गाडी तयार का? अंगठा पाठवला.

७ जून
मेहुणा आला. पॅसेजमध्ये डोकावला. हसला असता तर बरं झालं असतं. घरी जाऊन स्वतःची स्कूटर घेऊन आला. फळी लावली, चढवली. त्याचा दोर तोकडा पडला, तेव्हा बायकोनं गॅलरीतला कपडे वाळत घालायचा दोर सोडून दिला. त्याचं एक टोक मी धरलं होतं. घट्ट. दहा मिनिटं लागली असतील. मी घड्याळ पाहिलं नाही.

८ जून, रविवार
मुलीचा फोन. स्कूटर पोचली, ओरखडासुद्धा नाही, मामानं काय मस्त बांधली होती! मोटरसायकलबद्दल एक शब्द नाही. मामाला थँक्स सांगा, म्हणाली. सांगतो म्हटलं.

गॅलरीत दोर नाही, म्हणून बायकोनं आजचं धुणं मोटरसायकलवर वाळत घातलंय. हँडलवर माझाच शर्ट आहे.

दोर आमचा होता, हे मुलीला कुणीच सांगितलेलं दिसत नाही.