नॅट विमानाला घर दिसावे म्हणून पत्र्यावर टाकलेले लुगडे

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी,
गोळीबार मैदान कार्यालय, जि. अहमदनगर.

विषय : पत्र्यावरचे तांबडे लुगडे न काढण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ३० जानेवारी १९७३.

महोदय,

१. अर्जदार राहीबाई सखाराम ढगे, विधवा, राहणार खडकवस्ती. तिला लिहिता येत नाही. शाळेचे पुंजाराम मास्तर तिच्या सांगण्यावरून लिहीत आहेत. तिच्या पत्र्यावरचे कापड मैदानाच्या धोक्याच्या बावट्यासारखे दिसते, सबब आठ दिवसांत काढावे, अशी नोटीस आहे.

२. लुगडे अर्जदाराचा मुलगा रंगनाथ याने आणले. तो नॅट विमान चालवी. आई तांबडे नेसत नाही हे त्याला ठाऊक होते. म्हणाला, "आई, वरून समदी घरं सारखीच दिसत्यात. हे पत्र्यावर टाक, मंग आपलं कळंल." डिसेंबर १९७१ च्या लढाईत तो विमान घेऊन उडाला. सरकारी पत्रात 'बेपत्ता' लिहिले आहे. मेला असे लिहिलेले नाही.

३. मैदानावर सरावाची विमाने येतात. अर्जदाराने त्यांची तुलना केली आहे :
हंटर : पत्रा थरथरतो, कोंबड्या पळतात.
मिग : उतरंडीची मडकी हलतात. आवाज येतो तोवर विमान गेलेले.
नॅट : बारीक शिट्टी. कोंबड्या जागच्या जागी बसतात.
हल्ली मैदान बंद असते त्या दिवशीही, भर दुपारी, कोंबड्या बसतात. श्रीमंत नावाचे आपले पहारेकरी म्हणाले, "मावशे, आज उड्डान न्हाई. आभाळ रिकामं हाय." तेही मान वर करूनच बोलत होते.

४. किमतीबाबत. रंगनाथ हसून सांगे, "मिग म्हंजे पाटलाचा घोडा, आमचं तट्टू. लई स्वस्त, पन वळतं झटकन." महागाचा शोध सरकार घेतच असेल. स्वस्ताची वाट पाहण्याचे काम अर्जदाराकडे आले आहे.

५. वेगाबाबत. मास्तरांच्या गणिताने नॅट एका सेकंदात खडकवस्ती ओलांडून ओढ्यापार जाते. तेवढ्यात दिसले तर दिसले. हुकले तर पुन्हा वळसा. म्हणून लुगडे एक दिवसही काढता येत नाही.

(मास्तर पुढचे लिहायला तयार नव्हते. ते म्हणाले, "राहीबाई, त्यात तेल तासाभराचंच असतं." अर्जदाराने विचारले, "मंग चौदा महिने ते कशावर फिरतंय?" मास्तरांनी लिहिले.)

६. सबब विनंती की, बावट्याचा रंग बदलावा. ते जमत नसल्यास नॅट विमानांना कळवावे की घर तेच आहे, फक्त लुगडे सरकारने काढले.

आपली नम्र, घरीच असलेली,
राहीबाई सखाराम ढगे
(डाव्या अंगठ्याचा ठसा)
दि. ५ फेब्रुवारी १९७३

सोबत :
१. नोटिशीची नक्कल.
२. लुगड्याच्या पदराचा वीतभर तुकडा, बावट्याशी रंग ताडून पाहण्यासाठी. पाहून झाल्यावर लगेच परत करावा. वरून दिसायला तेवढे कमी पडेल.