वेदीची पायरी

लाखनी, नोव्हेंबर १९७९

प्रिय बाबांस सगुणाचा सलाम.

मी बरी आहे. दवाखान्यात काम भरपूर आहे. आईचा खोकला थांबला का?

इथल्या चर्चचे पाळकसाहेब बदलून गेल्यापासून रविवारचं प्रवचन मीच करते. आता मंडळीचे पंच याकोबराव म्हणतात, बाईने बोलावं, पण वेदीच्या पायरीखाली उभं राहून. बायांनी मंडळीत गप्प राहावं म्हणणारं पौलाचं पत्र काखेत मारूनच बैठकीला आले होते.

इथल्या बाया रोज चुलीपाशी मूठभर तांदूळ देवासाठी काढून ठेवतात आणि रविवारी पिशवी वर वेदीवर नेतात. त्यांच्यातल्याच धुरपताबाईने भर बैठकीत विचारलं, "काहून जी, बाई तांदूळ घेऊन वर गेली तं चालते, अन् देवाचं वचन घेऊन गेली तं नाही?"

याकोबरावांनी पुस्तक मिटलं. मत मिटलं नाही.

तुम्हीही त्यांच्याच मताचे, हे मला ठाऊक आहे. पण पौल वाचायला मला तुम्हीच शिकवलंत, बाबा. मेलेल्यांतून उठल्यावर कबर रिकामी असल्याचा निरोप प्रभूने आधी बायांच्याच हाती दिला, आणि कुठल्या पायरीवरून सांगायचा ते काही नेमून दिलं नाही.

येत्या रविवारी मी वरच उभी राहणार. हे पत्र पोहोचेतो प्रवचन होऊन गेलेलं असेल, म्हणून परवानगी मागत नाही. प्रार्थना मात्र करा. गुडघा दुखतो, आणि पायरी उंच आहे.

तुमचीच हट्टी लेक,
सगुणा