बोरीच्या मैदानावरची चादर

२६ ऑक्टोबर

आजचं उड्डाण — शून्य! सहा तास हँगरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर. लोकांना वाटतं, हेलिकॉप्टरचा पायलट म्हणजे कायम आभाळात.

लायसन्स हातात पडलं तेव्हा मलाही वाटलं होतं, झालं! बापूंनी तांड्यात पेढे वाटले. मग कळलं, उड्डाणाचे जेमतेम दीडशे तास झालेल्या पोराला कोणी दारात उभं करत नाही. प्रत्येक यंत्राचं वेगळं प्रशिक्षण, दरवर्षी मेडिकल, सिम्युलेटर, आणि तास, तास, तास. शिकताना एका तासाला जे मोजलं त्यात आमचं घर चार महिने चाललं असतं. रस्त्याकाठचं वावर त्यातच गेलं. बहीण संगीताचं नर्सिंग, आमच्या याडीचा, आईचा चष्मा, स्वयंपाकघराचं छप्पर — सगळं ‘इंद्रजीतचे तास झाले की’ यावर ढकललेलं. तास सहाशेच्या पुढे गेले. छप्पर गळतंच आहे.

१ नोव्हेंबर

दिवाळी. सलग चौथी बाहेर; घरी जाऊन तर अडीच वर्षं झाली. तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन घरोघरी फिरल्या असतील.

याडीला फोन केला. व्हिडिओ लाव म्हटलं तर नेहमीचंच — “व्हिडिओ कायले? तुहा आवाज आला म्हंजे तूच आला.” आमची आई हट्टी ती हट्टीच!

६ नोव्हेंबर

रोस्टर आलं. निवडणुकीच्या प्रचाराची ड्युटी, एका नेत्याला न्यायचं. बारा तारखेला — बोरी अरब!! तांड्यापासून दीड कोसावरचं मैदान. तीनदा वाचलं.

याडीला सांगितलं, “वीस मिनिटंच थांबन, मशीन सोडून जाता येत नाही. पन गर्दी अडवाले दोरी बांधतात, तिथपर्यंत येतो.”

“मी दोरी धरूनच उभी राहीन,” म्हणाली. मग हळूच, “तू आला का मले हाक मारजो.”

८ नोव्हेंबर

बापूंचा फोन, सकाळपासून तिसरा. “तांड्याच्या नायकाले सांगू का?” सांगून झालेलं असणार. उगाच विचारतात.

१२ नोव्हेंबर

जे झालं ते सरळ लिहून टाकतो.

अकराच्या सुमारास बोरी दिसली. कापसाची वावरं पांढरी झालेली. मैदान दिसलं, हेलिपॅडचा चुन्याचा गोल दिसला, पण त्यातला एच दिसेना. त्यावर काहीतरी अंथरलेलं होतं, लाल-पिवळं, उन्हात चमचम करणारं. आरसे! खाली येत गेलो तशा कवड्यांच्या ओळीही दिसल्या, आणि मी ओळखलं. पाहुणा आला की कशिद्याचं अंथरूण टाकायचं, ही तांड्याची रीत. आणि कवड्यांची ती दुहेरी ओळ फक्त याडी घालते. पोरगा जिथे उतरणार तिथे तिने चादर अंथरली होती.

पंख्याखालच्या वाऱ्यात सुटं कापड म्हणजे मरण. पात्यात गुंतलं की संपलं! मी, कॅप्टन, मागे बसलेले नेते, आणि दोरीला लागून उभी असलेली आमचीच माणसं. खाली सुटं काही दिसलं की ओरडायचं, हे सहवैमानिकाचं, म्हणजे माझं काम. मी ओरडलो. “कापड आहे! वर घ्या!”

कॅप्टननी यंत्र वर घेतलं. चादरीचा एक कोपरा उठून उलटलेला दिसला. खाली लोक हात हलवत होते — स्वागत करत होते की थांबवत होते, कोण जाणे. एक फेरी मारली, तोवर गर्दी गोलात घुसलेली. नेते मागून करवादले, “दारव्ह्याला घ्या, दारव्ह्याला!”

तिथे उतरलो. ते गाडीने बोरीला गेले. मी यंत्राशेजारी उभा राहिलो. माझंच गाव, आणि मला जाता येईना. अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

एक मात्र खटकलं. चादरीतले रंग विचित्र होते. लाल फुलाच्या पोटात हिरवा, मध्येच निळा. याडी असं कधी भरत नाही. घाई झाली असेल.

१३ नोव्हेंबर

संगीताचा फोन. “चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते भिया! उडन कशी?”

दगडांचं काय घेऊन बसलीस बाई, तो वारा पत्रे उचकटतो! पण हे मी घरी कधी बोललोच नव्हतो. एवढाली पुस्तकं पाठ केली, आणि आईला एक वाक्य सांगायचं सुचलं नाही. चूक माझी आहे.

पोलिसाने हटकलं होतं म्हणे. “पायलटची माय हाय म्हटलं, तं त्यानंच एक कोपरा धरला.”

विचारलं, याडी काय म्हणाली?

“पाच वाजेपर्यंत थितंच बसून होती. आवाज वापस येईन म्हने.”

१६ नोव्हेंबर

कॅप्टननी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. “शंभर टक्के योग्य निर्णय.” फाइलमध्ये शाबासकीची नोंद, नोकरीतली पहिली. चार वर्षं याच दिवसासाठी मर मर केली, आणि आज तो कागद हातातही धरवत नाही. निर्णय योग्यच होता. तरी याडीच्या डोक्यावरून परत गेलो, हेही खरंच.

१९ नोव्हेंबर

प्रचार संपला. तीन दिवस सुट्टी मंजूर. याडीने गणवेशातच ये म्हणून निरोप दिलाय.

२२ नोव्हेंबर

घरी पोचलो. याडी उंबऱ्यावर बसली होती. मी हाक मारली, तर हात पुढे केले — मी उभा होतो त्याच्या भलत्याच बाजूला. संगीता भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “दोन वर्सं झाले. तुह्ये तास पुरे होऊ दे, मंग सांगू म्हने.”

याडीने माझा खांदा चाचपला. पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “वरून दिसली ना रे चादर? रंग बराबर लागले होते?”

“एकदम बराबर,” म्हटलं.