काचेतलं मशीन

नाही रे बाबा, मला वाईटबिईट काही वाटलेलं नाही. कशाला वाटेल? तू पक्षाचा पुढारी, तुला शंभर कामं. तर धाकट्या, ताईचा आशीर्वाद घे, खोकला कसा आहे ते कळव, आणि भाषणात घसा ताणू नकोस. माईक असतो ना समोर?

तुझी प्रचाराची पुस्तिका वाचली. (दोनदा. सातवीत शाळा सुटली तरी वाचता येतं मला.) पान एक, तुझं लहानपण: आईच्या शिलाई मशीनच्या तालावर पाढे पाठ केले. बरं. आईचे गुडघे गेल्यावर ती काजंबटणं करायची आणि मशीन मी मारायचे. माझा पाय थांबला की तुझे पाढेही थांबायचे. पण आईचं नाव छापलंस तेच बरं, तिला कुणी कधी छापलं नव्हतं. पान तीन: स्वतःच्या पायावर उभा राहिलो. राहिलास. पायडलवर कुणाचे होते ते जाऊ दे.

धोरणं मात्र पटली. जुनं चांगलं ते मोडू नये, ज्याला काम येतं त्याला ते करू द्यावं, आणि पान सात, सरकारनं लोकांच्या घरातल्या वस्तूंना हात लावू नये. पान सातचा तर मी कोपरा दुमडून ठेवला. त्याच दुपारी तुझे तीन कार्यकर्ते आले, मला वाकून नमस्कार केला आणि मशीन उचलून चालते झाले. पक्षाच्या कचेरीत ठेवायचंय म्हणे. सुईखाली अर्धा शिवलेला एप्रन होता, तोही गेला.

परवा दोन बस बदलून बघायला गेले. काचेच्या पेटीत मशीन, वर पाटी 'साहेबांच्या मातोश्रींचं', आणि त्या एप्रनकडे बघून एक बाई डोळे पुसतेय. मी म्हटलं, "अहो, दवाखान्यातल्या नर्सबायांचा आहे तो, बाविसांतला एक. सोमवारी द्यायचेत." पहारेकरी म्हणाला, "आजी, लांबून बघा." मी म्हटलं, "मेल्या, तेल तरी घाल, गंजेल ते." तर म्हणतो, "जुनं दिसायला पाहिजे ना, आजी."

येताना बसमध्ये तेच डोक्यात. जुनं टिकवायचं म्हणजे काय रे? रोज वापरलं, तेल घातलं, पट्टा तुटला की बदलला, म्हणून तर ते पन्नास वर्षं चाललं. काचेत सहा महिन्यांत गंजून चाक अडकेल. हे कुठल्या पानावर बसतं ते तू बघ, शिकलेला तू.

बाकी ठीक. हात रिकामे आहेत, त्याची सवय नाही.

ता. क. निवडून आलास तर शपथेचा कोट मीच शिवणार, कबूल केलंय. माप पाठव, पोट आत ओढून घेतलेलं नको. कशावर शिवू तेही कळव.

आणखी एक. पेपरवाली मुलगी आली होती, मशीन नक्की कोण चालवायचं विचारत. सोमवारी ये म्हटलं. तोवर मशीन घरी आलं तर मी कामात असेन, बोलायला वेळ कुठला. नाही आलं तर मोकळीच आहे. बस, याउपर एक अक्षर सांगायची नाही मी तुला.